‘वाक्यात उपयोग करा’: इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सकाळी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येणाऱ्या मोठ्या माणसांना. वयं वेगळी, पण अडचण एकच. अर्थ पाठ असतो, स्पेलिंग पाठ असतं, आणि ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटलं की पेन थांबतं. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण चूक डोळ्याआधी कानाला कळते.

शब्दाचा अर्थ मला नक्की माहीत असतो, तरी वाक्य चुकतं. असं का?

कारण अर्थ कळला तरी त्या शब्दाचा स्वभाव कळलेला नसतो. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे, हे सगळ्यांना येतं. पण मराठीत आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून हातून ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ असं उतरतं. इंग्रजीत तो ‘बद्दल’ या क्रियापदाच्या पोटातच आहे. ‘वुई डिस्कस्ड द प्रॉब्लेम’, बस. तेच ‘मॅरी’चं. आपण कोणाशी तरी लग्न करतो आणि तो ‘शी’ प्रत्यय ‘विथ’ होऊन वाक्यात शिरतो. ‘शी मॅरीड अ टीचर’ एवढंच पुरतं.

उलट प्रकारही आहे. आपण गाणी ऐकतो, मध्ये काही लागत नाही, म्हणून ‘आय लिसन म्युझिक’ लिहिलं जातं. ‘लिसन’ मात्र ‘टू’ घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्सप्लेन मी’ होतं, तिथे हवं ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘सजेस्ट मी अ गुड बुक’ हे तर मला रोज ऐकू येतं. ‘गिव्ह मी’ चालतं म्हणून ‘सजेस्ट मी’ चालेल असं वाटतं, पण चालत नाही. ‘कॅन यू सजेस्ट अ गुड बुक?’ असं विचारा.

जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिलं होतं की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो. शब्दांचंही तसंच आहे. म्हणून वहीत ‘डिस्कस – चर्चा करणे’ असं लिहू नका. ‘डिस्कस द प्रॉब्लेम – प्रश्नावर चर्चा करणे’ असं, सोबत्यासकट लिहा.

मी आधी मनात मराठी वाक्य जुळवते, मग त्याचं इंग्रजी करते. ही सवय सोडायला हवी का?

सुरुवातीला ती सुटणार नाही, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: भाषांतर वाक्यातल्या प्रसंगाचं करायचं, क्रियापदाचं नाही.

यासाठी मी वर्गात नेहमी ‘लागणे’ घेते. मराठीतलं हे क्रियापद किती कामं करतं बघा. मला भूक लागली: ‘आय ॲम हंग्री’. निकाल लागला: ‘द रिझल्ट्स आर आउट’. दादाला नोकरी लागली: ‘माय ब्रदर गॉट अ जॉब’. गोदामाला आग लागली: ‘द वेअरहाउस कॉट फायर’. पोचायला चार तास लागतात: ‘इट टेक्स फोर अवर्स टू गेट देअर’. मला झोप लागली: ‘आय फेल अस्लीप’. आमटी खारट लागते: ‘द आमटी टेस्ट्स सॉल्टी’. बाळ रडायला लागलं: ‘द बेबी स्टार्टेड क्राइंग’. मला दोन वह्या लागतील: ‘आय विल नीड टू नोटबुक्स’. ती माझी मावशी लागते: ‘शी इज माय आँट’. आणि घाटात हमखास ऐकू येणारं, मला गाडी लागते: ‘आय गेट कारसिक’.

अकरा वाक्यं झाली, आणि मराठीत सगळीकडे एकच क्रियापद. इंग्रजीत त्यातलं एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘लागणें’ या नोंदीखाली अर्थांची मोठी रांग आहे. मराठी शिकणाऱ्या इंग्रज माणसाला या शब्दाने किती पिडलं असेल, याचा अंदाज ती रांग पाहून येतो. आपली अडचण तीच, फक्त उलट्या दिशेने.

दुसरी अडचण कर्त्याची. ‘मला ही गाडी परवडत नाही.’ इथे परवडणारी वस्तू आहे गाडी, आणि ‘मला’ बाजूला उभा. म्हणून मुलं लिहितात, ‘धिस कार इज नॉट अफोर्ड टू मी’. इंग्रजीत माणूस पुढे येतो: ‘आय कान्ट अफोर्ड धिस कार’. आवडणे, आठवणे, सापडणे, जमणे, सुचणे या सगळ्या क्रियापदांना आपल्याकडे ‘मला’ लागतं. इंग्रजीत बहुतेक वेळा ‘आय’ने सुरुवात होते. ‘मला किल्ली सापडली’ हे ‘आय फाउंड द की’. मराठी वाक्य ‘मला’ने सुरू झालं की क्षणभर थांबून विचारायचं, इंग्रजीत इथे कर्ता कोण? एवढ्या एका सवयीने निम्मे घोळ मिटताना मी पाहिले आहेत.

‘ओन्ली’ वाक्यात कुठे ठेवायचा? माझे साहेब नेहमी खूण करून परत पाठवतात.

तुम्ही बहुधा ‘आय केम टुडे ओन्ली’ किंवा ‘ही इज सिटिंग हिअर ओन्ली’ असं लिहीत असाल. हा आपल्या ‘च’चा परिणाम. मराठीत ‘आजच’, ‘इथेच’, ‘मीच’ असा ‘च’ शब्दाला मागून चिकटतो, म्हणून ‘ओन्ली’ही मागे जातो. पण आपला ‘च’ नुसता ‘फक्त’ या अर्थाचा नसतो. ‘मी आजच आलो’ म्हणजे ताजा आलो: ‘आय केम जस्ट टुडे’. ‘तो इथेच बसलाय’ म्हणजे अगदी जवळ: ‘ही इज राइट हिअर’. ‘तूच म्हणाला होतास’ म्हणजे दुसरं कोणी नाही: ‘इट वॉज यू हू सेड सो’. ‘मी येणारच’ म्हणजे नक्की: ‘आय विल डेफिनेटली कम’. खरोखर ‘फक्त’ म्हणायचं असेल तेव्हाच ‘ओन्ली’ घ्या आणि ज्याच्यावर भर द्यायचा त्याच्या आधी ठेवा: ‘ओन्ली टू स्टुडंट्स केम’.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ यात काय चूक आहे? सगळे तसंच बोलतात.

‘मला दोन भाऊ आहेत’ यातला ‘आहेत’ आपल्याला ‘ॲम’ किंवा ‘आर’सारखा ऐकू येतो. ‘मला माहीत आहे’चं ‘आय ॲम नोइंग’ होतं ते यामुळेच. इंग्रजीत ‘आयएनजी’ लागतं ते चालू असलेल्या, थोड्या वेळाने संपणाऱ्या क्रियेला. भाऊ असणं संपत नाही. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय नो हिम’, ‘शी अंडरस्टँड्स मराठी’. ‘आय ॲम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण जेवण चालू आहे आणि ते उरकणार आहे.

शब्दकोश कोणता वापरू? मराठी अर्थ देणारा की इंग्रजी-इंग्रजी?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. वाचताना अडलात तर मराठी अर्थ देणारा कोश पटकन वाट दाखवतो. तो खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. लिहिताना मात्र तो फसवतो, कारण शब्द पुढे कोणाला घेऊन चालतो हे तो बहुधा सांगत नाही.

त्यासाठी वेगळे कोश आहेत, आणि त्यांचा जन्म आपल्यासारख्यांच्या अडचणीतूनच झाला. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. अर्थ सांगून विद्यार्थ्यांचं भागत नाही, क्रियापदाची रचना सांगावी लागते, हे त्यांनी ओळखलं. सहकाऱ्यांबरोबर केलेला त्यांचा कोश १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रकाशित केला. आज विद्यार्थ्यांच्या हातात दिसणारा ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश हा त्याचाच वंशज. १९७८ च्या लाँगमन कोशाने सगळे अर्थ साधारण २,००० सोप्या शब्दांतच समजावले, म्हणजे एका शब्दाचा अर्थ पाहायला गेलं आणि त्यात आणखी तीन अवघड शब्द निघाले असं होत नाही. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रकल्पातून कोबिल्ड हा कोश आला. त्यात अर्थच पूर्ण वाक्यात दिलेला असतो, त्यामुळे व्याख्या वाचता वाचताच वापर दिसतो. माझ्या मते मराठी माध्यमातून आलेल्या मोठ्या माणसांना हा सगळ्यात लवकर पचतो.

यांपैकी कुठलाही घ्या, पण अर्थ वाचून कोश मिटू नका. खाली तिरप्या अक्षरांत दिलेली उदाहरणं वाचा. निम्मा कोश तिथेच असतो.

मी लिहिलेलं वाक्य चांगलं झालं की नाही, हे स्वतः कसं तपासू?

आपला शब्द झाकून तिथे गाळलेली जागा करा आणि वाक्य दुसऱ्याला वाचायला द्या. त्याला शब्द ओळखता आला, किंवा जवळपासचा सुचला, तर वाक्य जमलं.

मागच्या वर्षी एका मुलाने ‘रिलक्टंट’ (नाखूश) या शब्दाचं वाक्य लिहून आणलं: ‘ही वॉज रिलक्टंट’. व्याकरण बरोबर, एकही चूक नाही. मी शब्दावर बोट ठेवलं आणि शेजारच्या मुलीला विचारलं, इथे काय असेल? ती म्हणाली, ‘टॉल’. दुसरा म्हणाला, ‘हॅपी’. तिसरा, ‘हंग्री’. सगळं बसत होतं. म्हणजे त्या वाक्याला ‘रिलक्टंट’ची गरजच नव्हती. मग मी त्याला मराठीत विचारलं, कोण नाखूश होतं? कशाला? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, आजोबा बैल विकायला तयार नव्हते, पण पैसे तर हवे होते. तेच वाक्य आम्ही इंग्रजीत आणलं: ‘माय ग्रँडफादर वॉज रिलक्टंट टू सेल हिज बुलक्स, दो ही नीडेड द मनी’. आता शब्द झाकला तरी जागा बोलते. शिवाय ‘रिलक्टंट’च्या मागे ‘टू’ आणि क्रियापद येतं, हेही नियम न सांगता त्याला कळलं. तो शब्द तो विसरेल असं मला वाटत नाही, कारण त्यात आता त्याचे आजोबा आहेत.

म्हणून वाक्यात कोणीतरी ओळखीचं माणूस आणा आणि ‘का’चं उत्तर द्या. ‘बिकॉज’, ‘दो’, ‘सो’, ‘व्हेन’ यांपैकी एक जोडलं की वाक्याला प्रसंग मिळतो.

‘फर्निचर्स’, ‘ॲडव्हायसेस’ का चालत नाही? खुर्च्या तर चार असतात.

चालत नाही, कारण इंग्रजी या गोष्टी नगावर मोजत नाही, ढीग म्हणून पाहते. आपल्यालाही हे नवं नाही. ‘सामान’ हा शब्द घ्या. ‘माझी तीन सामानं आहेत’ असं कोणी म्हणत नाही, ‘सामानाचे तीन डाग आहेत’ असं म्हणतो. अगदी तसंच ‘थ्री पीसेस ऑफ लगेज’. तो ‘पीस’ म्हणजे आपला डाग. ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’. इन्फर्मेशन, इक्विपमेंट, होमवर्क, सीनरी, न्यूज हे सगळे याच घरातले. न्यूजच्या शेवटी ‘एस’ असला तरी ‘द न्यूज इज गुड’ असंच.

‘ॲडव्हाइस’वरून आठवलं: सल्ला या नामात शेवटी ‘सी’ आणि उच्चार ‘स’, सल्ला देणे या क्रियापदात ‘एस’ आणि उच्चार ‘झ’. तसंच ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन ‘ओ’, आणि ‘लूझ’ म्हणजे हरवणे किंवा हरणे, त्यात एक. आपण दोन्हीला ‘लूज’ म्हणतो, म्हणून स्पेलिंगमध्ये गल्लत होते. उच्चार सुधारला की स्पेलिंग आपोआप सुधारतं.

दोन शब्दांचा मराठी अर्थ एकच दिलेला असेल तर कोणता वापरायचा?

अर्थ एकच दिसतो तो मराठीत एकच शब्द पुरतो म्हणून. ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ दोन्हींपुढे कोशात ‘ऐतिहासिक’ असतं. १ मे १९६० हा महाराष्ट्रासाठी ‘हिस्टॉरिक डे’, कारण त्या दिवशी इतिहास घडला. पेशवाईवरची कादंबरी ही ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’, कारण ती इतिहासाविषयी आहे. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे कमी खर्चाचं, पेट्रोल कमी खाणारी स्कूटर.

कधी कधी मात्र मराठीच आपल्याला सोडवते, जर आपण चांगली मराठी आठवली तर. ‘चाइल्डिश’ म्हणजे बालिश, ‘चाइल्डलाइक’ म्हणजे बालसुलभ. एकात नाक मुरडणं आहे, दुसऱ्यात कौतुक. ‘फेमस’ प्रसिद्ध, ‘नोटोरियस’ कुख्यात. एका विद्यार्थिनीने निबंधात आपल्या आवडत्या शास्त्रज्ञाला ‘नोटोरियस’ म्हटलं होतं, कारण तिच्या छोट्या खिशातल्या कोशात पुढे फक्त ‘सुप्रसिद्ध’ छापलं होतं. चूक तिची नव्हती. शब्दाला चांगला-वाईट रंग असतो, आणि तो उदाहरणं वाचल्याशिवाय दिसत नाही.

‘प्रीपोन’, ‘पास आउट’, ‘हॉटेल’ हे शब्द चुकीचे आहेत का?

चुकीचे म्हणू नका, आपले म्हणा. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशातही आहे, भारतीय इंग्रजी अशा नोंदीसह. बैठक अलीकडे ओढण्यासाठी इतका नेमका शब्द दुसरा नाही, आणि मला तो आवडतो. गाडीच्या जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावात १९०४ साली तयार झालेल्या जादा चाकाला तिथल्या स्टेपनी रस्त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडे गॅरेजमध्ये ते रोजच्या बोलण्यात राहिलं.

पण समोर कोण आहे ते पाहा. परदेशातल्या माणसाला ‘आय पास्ड आउट इन २०१५’ लिहिलं तर तो विचारील, तुम्हाला चक्कर आली होती का? तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ लिहा. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ-चहाची जागा, त्यांचं ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची. खायच्या जागेला ‘रेस्टॉरंट’. ‘चुलतभाऊ’, ‘मामेभाऊ’, ‘आतेभाऊ’, ‘मावसभाऊ’ सगळे नुसते ‘कझिन’, त्याला ‘ब्रदर’ जोडायची गरज नाही. आणि अमेरिकेतल्या स्थळासाठी बायोडेटा लिहिणाऱ्या पालकांना कळकळीची विनंती: मुलीला ‘होमली’ लिहू नका. तुम्हाला घरगुती, घर सांभाळणारी म्हणायचं असतं. तिथल्या इंग्रजीत त्याचा अर्थ दिसायला बेताची असा होतो. ‘फॅमिली-ओरिएंटेड’ लिहा.

निबंधात जड शब्द वापरले तर जास्त गुण मिळतात का?

नाही. आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेच्या लेखन भागात चार निकषांवर सारखंच वजन असतं आणि त्यातला एक शब्दसंपत्तीचा, हे खरं. पण तिथे शब्द किती जड हे पाहत नाहीत. तो जागेवर बसला का, सोबती बरोबर आहेत का, हे पाहतात. पाऊस ‘हेवी’ असतो, ‘बिग’ नाही. कडक चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘हार्ड’ नाही. पंखा ‘स्विच ऑफ’ करतात, ‘क्लोज’ करत नाहीत. हे साधे शब्द नीट जुळलेले दिसले की वाचणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो.

ॲपवर वाक्य तयार मिळतं, मग लिहायचं कशाला?

तपासायला ॲप वापरा, मीही वापरते. आधी स्वतःचं वाक्य लिहा, मग ताडून पाहा आणि फरक कुठे पडला ते वहीत उतरवा. तयार वाक्य उतरवलं तर शब्द ॲपचाच राहतो.

आम्हाला स्वतःला इंग्रजी येत नाही. मुलांना मदत कशी करणार?

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या आपल्यासारख्या अनेकांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. हा संकोच मला ठाऊक आहे. पण या कामात इंग्रजीपेक्षा प्रश्न जास्त उपयोगी पडतात, आणि प्रश्न तुम्हाला मराठीतून विचारता येतात. मुलाला विचारा, हा शब्द कोणाबद्दल वापरशील? आपल्या घरात असं कधी झालं होतं? मग काय झालं? वर सांगितलेल्या त्या बैलांच्या वाक्यात मी इंग्रजीचा एकही शब्द आधी सांगितला नव्हता. भाकरी करता करताही हे जमतं. पोळपाटाशी बसलेल्या आईला ‘थिन’ आणि ‘थिक’ हे शब्द मुलीने पापुद्रा आणि जाड भाकरी दाखवून समजावले, असं त्या आईनेच मला सांगितलं. त्या दिवशी दोघीही शिकल्या.

रोज किती शब्द करावेत?

तीन पुरेत, पण पुरते करा. वहीच्या एका पानावर एकच शब्द. वर शब्द आणि त्याचा नेहमीचा सोबती: ‘अफोर्ड टू बाय’, ‘डिपेंड ऑन’, ‘गुड ॲट’. त्याखाली त्याची भावंडं: ‘सक्सेस’ नाम, ‘सक्सीड’ क्रियापद, ‘सक्सेसफुल’ विशेषण, म्हणजे ‘आय सक्सेस्ड’ असं कधी हातून होणार नाही. मग कोशातलं एक उदाहरण जसंच्या तसं. त्यानंतर स्वतःचं एक वाक्य, ओळखीच्या माणसाचं. पानाचा खालचा भाग कोरा सोडा. आठवड्याने तोच शब्द पेपरात, मालिकेत किंवा एखाद्या पाटीवर पुन्हा दिसला की ते वाक्य तिथे लिहायचं.